सदतीस दुव्यांचे अस्त्र

स्वीडन देशाच्या अगदी उत्तरेस, जेथे ऐन हिवाळ्यात सूर्यदर्शनही दुर्मीळ होते त्या नॉरबॉटन प्रांतात, रोल्फ कॉस्टमान नावाच्या बालरोगतज्ज्ञास परस्परांशी रक्ताच्या नात्याने बांधल्या गेलेल्या काही कुटुंबांत असा दारुण प्रकार आढळला की, जन्मतः धडधाकट दिसणारी अर्भके थोड्याच काळात गळवे, फुप्फुसदाह आणि ज्वर यांनी ग्रासली जात आणि त्यांतील बहुतेक बाल्यावस्थाही ओलांडीत नसत. १९५६ मध्ये त्याने या आनुवंशिक व्याधीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. या मुलांच्या रक्तात न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे जंतूंचा शिरकाव झाल्याबरोबर सर्वांआधी धावून जाणारी शरीराची फौज, जवळजवळ नसतेच. पुढे १९९० च्या सुमारास अस्थिमज्जेला या पेशी निर्माण करण्यास प्रवृत्त करणारे जी-सीएसएफ नावाचे औषध हाती आले, पेशींची संख्या वाढली, आणि जी मुले पूर्वी हमखास दगावत ती शाळेत जाऊ लागली.

परंतु वाचलेल्या या मुलांच्या तोंडात डोकावणाऱ्या दंतवैद्यांना एक गोष्ट सतत खटकत राहिली. रक्ताच्या तपासणीत पेशींची गणती समाधानकारक होती, प्राणवायूपासून तयार होणाऱ्या दाहक द्रव्यांनी जंतू जाळण्याचे त्यांचे सामर्थ्यही शाबूत होते. तरीही हिरड्या सुजलेल्या, लालभडक, ब्रशाचा स्पर्श होताच रक्ताळणाऱ्या, आणि दाताला धरून ठेवणारे हाड आतल्या आत झिजत चाललेले, अशी त्यांच्या मुखाची अवस्था कायमच होती. या कोड्याचा उलगडा २००२ मध्ये स्टॉकहोम येथील संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केला. औषधाने वाढविलेल्या त्या पेशींत एक द्रव्य अजिबात नव्हते आणि मुलांच्या लाळेतही त्याचा मागमूस नव्हता. मात्र ज्या एका रुग्णावर अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले होते त्याच्यात ते द्रव्य पुष्कळसे आढळले आणि त्याच्या हिरड्याही निरोगी होत्या. हे द्रव्य म्हणजे ‘एलएल-३७’ नावाचे जंतुनाशक पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या दुव्यांची आखूड साखळी), आणि ते घडविण्याचा आदेश ज्या जनुकात लिहिलेला असतो त्याचे नाव कॅम्प. या मुलांतील मूळ दोष कॅम्प जनुकात नसून हॅक्स-१ नावाच्या दुसऱ्याच जनुकात असल्याचे २००७ मध्ये सिद्ध झाले खरे. पण फौज हजर असूनही हत्यार नसेल तर मनुष्यदेहाचे काय होते, याचा इतका स्पष्ट दाखला वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

असल्या हत्यारांचा शोध मुळी प्रथम माणसात लागलेला नाही. प्रतिपिंडे बनविण्याची आपल्यासारखी व्यवस्था ज्यांच्या ठायी नाही असे कीटक जंतूंनी भरलेल्या मातीत, कुजक्या पालापाचोळ्यात कोट्यवधी वर्षे कसे टिकून राहिले, या प्रश्नाने झपाटलेल्या हान्स बोमान या स्वीडिश शास्त्रज्ञाने एका मोठ्या रेशमी पतंगाच्या कोशांत जंतू टोचून, त्यांच्या रसातून १९८१ मध्ये सिक्रोपिन ही जंतुनाशक पेप्टाइडे वेगळी केली. त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकेत मायकेल झॅसलॉफ यांच्या ध्यानी आले की, शस्त्रक्रिया करून गढूळ पाण्याच्या टाकीत परत सोडलेल्या आफ्रिकी बेडकांच्या जखमा पू न होता भरून येतात. आणि १९८७ मध्ये त्यांनी बेडकाच्या त्वचेतील मॅगेनिन ही पेप्टाइडे जगापुढे मांडली. हजारो लोकांनी अशा टाक्या पाहिल्या असतील, पण रोजच्या दृश्याला प्रश्न विचारण्याची बुद्धी एकालाच झाली, याचे मला फार अप्रूप वाटते. मग माणसातही असे काही असणारच या भरवशावर शोध सुरू झाला, आणि १९९५ मध्ये डेन्मार्क, स्वीडन आणि अमेरिका येथील तीन निरनिराळ्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकाच मानवी जनुकाचा छडा लावला.

हे जनुक आपल्या तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर वसलेले असून त्याचा एकूण मजकूर जेमतेम दोन हजार अक्षरांचा, चार खंडांत विभागलेला आहे. त्यावरून प्रथम तयार होते ते १७० अमिनो आम्लांचे एक निरुपद्रवी प्रथिन. त्याच्या शेपटाकडील ३७ अमिनो आम्लांचा तुकडा कापून अलग केला म्हणजे मगच एलएल-३७ हे अस्त्र सिद्ध होते. या कापणीच्या बाबतीत निसर्गाने घेतलेली खबरदारी पाहण्यासारखी आहे. गडावर तोफ एका बुरुजावर आणि दारू दूरच्या कोठारात ठेवण्याचा जो शिरस्ता असे, तोच न्यूट्रोफिल पेशीत पाळलेला दिसतो: अखंड प्रथिन एका जातीच्या कणिकांत साठविलेले, ते कापणारे प्रोटिनेज-३ हे विकर दुसऱ्या जातीच्या कणिकांत बंदिस्त, आणि दोहोंची गाठ पडते ती जंतूंशी सामना होऊन पेशी आपली कोठारे रिकामी करते तेव्हाच. त्वचेवर हेच काम कॅलिक्रीन नावाची निराळी विकरे करतात. वीर्यातही हे प्रथिन विपुल असते, पण ते कापणारे विकर योनिमार्गातील आम्लतेचा संयोग झाल्यावरच जागे होते. म्हणजे स्थळ आणि काळ यांची खातरजमा झाल्यावाचून अस्त्र उपसण्याची मंजुरी कोठेच नाही.

आता हे अस्त्र चालते कसे ते थोडे जवळून पाहू. एलएल-३७ वर धन विद्युत्‌भार असतो, आणि जंतूंच्या बाह्य आवरणावर ऋण भाराच्या मेदद्रव्यांची दाटी असते. साहजिकच पेप्टाइडाचे रेणू जंतूकडे ओढले जाऊन त्याच्या पृष्ठाला चिकटतात. पाण्यात असताना ज्याला निश्चित असा आकार नव्हता तो धागा आवरणाच्या सान्निध्यात येताच मळसूत्रासारखा वळतो, त्याची एक बाजू पाण्याशी आणि दुसरी मेदाशी सलगी करणारी अशी होते, आणि मेदप्रिय बाजू आवरणात रुतून बसते. असे पुष्कळ रेणू जमले म्हणजे आवरण जागोजाग फाटते, आतली द्रव्ये बाहेर झिरपू लागतात आणि जंतू मरतो. आपल्या स्वतःच्या पेशींचे बाह्यपृष्ठ विद्युत्‌दृष्ट्या जवळजवळ उदासीन असते, शिवाय कोलेस्टेरॉलने ते घट्ट झालेले असते, म्हणून या अस्त्राचा वार त्यांच्यावर सहसा होत नाही. मात्र प्रमाण बेसुमार वाढले तर आपल्या पेशीही त्यातून सुटत नाहीत. या अस्त्राचा अतिरेक, निराळ्या वाटांनी, पुढे येणाऱ्या काही व्याधींतही घातक ठरताना दिसेल.

जंतू मारणे हे या पेप्टाइडाचे एकच काम असते तर त्याचा विषय येथेच संपला असता. परंतु मेलेल्या जंतूंतून सुटणारे विष बांधून ठेवणे, न्यूट्रोफिल आदी अन्य रक्षक पेशींना घटनास्थळी पाचारण करणे, जखमेच्या कडेवरील त्वचापेशींना पुढे सरकून व्रण झाकण्यास उद्युक्त करणे, नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणे, अशी कितीतरी कामे त्याच्याकडे सोपविलेली आहेत. त्याचा वावरही सर्वत्र आहे: त्वचेत, घामात, श्वासनलिकांच्या अस्तरात, आतड्यात, मातेच्या दुधात. नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाच्या अंगावर जो पांढरा, लोण्यासारखा चिकट लेप असतो त्यातही ते आढळले आहे. आपल्याकडे हा लेप घाण समजून, मूल जन्मल्याबरोबर डाळीच्या पिठाने चोळून त्याला न्हाऊ घालण्याची रीत पुष्कळ घरांत होती आणि कोठे कोठे आजही आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबणीवर टाकण्याचा सल्ला देते. मुलाला उबारा मिळावा हे त्या सल्ल्याचे मुख्य कारण असले, तरी आईच्या उदरातून बरोबर आणलेली ही पहिली संरक्षक शिदोरी धुऊन टाकू नये, एवढ्यासाठीही तो मानावा असे मला मनापासून वाटते.

गाय, डुक्कर यांच्या जनुकसंचात कॅम्पच्या कुळातील अनेक जनुके आहेत. माणसापाशी मात्र एकच, आणि उंदरापाशीही एकच. उंदरातील ते जनुक बुद्धिपुरस्सर काढून टाकले तर काय घडते हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांनी दाखविले. त्वचा सडविणारा स्ट्रेप्टोकॉकस जंतू टोचल्यावर सामान्य उंदरांना झालेली जखम लहान राहून लवकर भरली. जनुकहीन उंदरांत ती पसरत गेली आणि बराच काळ चिघळत राहिली.

आता ज्या प्रकरणाशी आपल्या देशाचा अगदी जिव्हाळ्याचा संबंध आहे त्याकडे वळतो. क्षयरोगावर प्रतिजैविके निघण्यापूर्वी सूर्यप्रकाश, मोकळी हवा आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल हेच वैद्यांचे मुख्य आधार होते. पाचगणी-मिरजेच्या आरोग्यधामांत रुग्णांना व्हरांड्यात उन्हाच्या तिरिपेला निजविण्याचा जो प्रघात होता तो याच समजुतीतून आलेला. कोपनहेगनच्या नील्स फिन्सेन यांना तर त्वचेचा क्षय प्रखर प्रकाशाने बरा करण्याबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. सूर्यप्रकाशाने त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते हे पुढे कळले, परंतु त्याचा क्षयाच्या जंतूशी नेमका संबंध काय, हे शतक उलटून गेले तरी अंधारातच होते. २००६ मध्ये लॉस एंजेलिस येथील रॉबर्ट मोडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर प्रकाश टाकला. क्षयजंतूची चाहूल लागताच मॅक्रोफेज ही भक्षक पेशी ड जीवनसत्त्व ओळखणारे ग्राहक वाढविते आणि रक्तातून आलेले अर्धकच्चे जीवनसत्त्व स्वतःच्याच अंगणात सक्रिय रूपात बदलून घेते. ते सक्रिय रूप मग कॅम्प जनुकाच्या मुखाशी जाऊन बसते आणि जनुकाचा अंमल सुरू होतो. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या रक्तद्रवात हे जीवनसत्त्व कमी असल्याने त्यात वाढविलेल्या पेशींत कॅम्प पुरेसे जागृत झाले नाही, आणि बाहेरून जीवनसत्त्व घालताच ते झाले, असेही या संशोधकांना दिसून आले.

कॅम्पच्या मुखाशी असलेली जीवनसत्त्वाची ही बैठक एका भटक्या डीएनए-तुकड्याच्या पोटात दडलेली आहे. वानरकुळाच्या पूर्वजांत हा तुकडा केव्हातरी जनुकाच्या शेजारी येऊन स्थिरावला, आणि म्हणून उंदरात ही व्यवस्था मुळीच नाही. उंदरावरील प्रयोगांतून हे रहस्य वर्षानुवर्षे का निसटले, याचे उत्तर त्यातच सापडते.

इतके वाचल्यावर कोणाही सुज्ञ वाचकाच्या मनात सहज येईल की, जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश ज्या देशात आहेत आणि बाराही महिने ऊन असूनही जेथे ड जीवनसत्त्वाची उणीव घरोघर आढळते, त्या आपल्या देशात या गोळ्या सरसकट वाटल्या की काम झाले. दुर्दैवाने रुग्णांवरील चाचण्यांनी ही आशा फलद्रूप केलेली नाही. २०११ मध्ये लंडनमध्ये झालेल्या चाचणीत उपचाराला जोड म्हणून दिलेल्या जीवनसत्त्वाचा एकंदर रुग्णांत ठळक परिणाम दिसला नाही, फक्त एका विशिष्ट जनुकीय घडणीच्या लोकांत थुंकीतील जंतू लवकर नाहीसे झाले. भारतातील चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला, त्यातही लाभ आढळला नाही. आणि मंगोलियात जवळजवळ नऊ हजार शाळकरी मुलांना तीन वर्षे दर आठवड्यास हे जीवनसत्त्व देऊनही क्षयाचा संसर्ग टळला नाही, असे २०२० मध्ये जाहीर झाले. पेशीच्या तबकडीत जे निर्विवाद दिसते ते मनुष्यदेहात तसेच उतरेल याची हमी नसते. ज्याच्या शरीरात उणीव आहे त्याने ती हाडांसाठी अवश्य भरून काढावी. पण नेमून दिलेल्या औषधांचा क्रम अर्धवट सोडून अशा गोळ्यांवर किंवा कोवळ्या उन्हावर विसंबणारा क्षयरुग्ण स्वतःचा आणि घरातल्या मुलाबाळांचा घात करतो, हे मला येथे निक्षून सांगितले पाहिजे.

याच जनुकाची दुसरी मोठी कथा ढाक्क्याची आहे. तेथील अतिसार संशोधन केंद्रात शिगेला जंतूमुळे होणाऱ्या रक्ताच्या आवेने त्रस्त झालेल्या रुग्णांच्या गुदांत्राचे बारीक नमुने तपासले असता, रोगाच्या सुरुवातीसच तेथील पेशींत एलएल-३७ ची निर्मिती थंडावल्याचे आढळले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा की, जंतू पहाऱ्यावर चालून येत नाही, तर पहारेकऱ्याचे हत्यार आधी काढून घेतो आणि मग आत शिरतो. यावर ढाका आणि स्टॉकहोम येथील संशोधकांनी मिळून जी तजवीज काढली ती फार कल्पक आहे. आहारातील तंतू आतड्यातील उपकारक जंतूंनी आंबविले म्हणजे ब्युटिरेट नावाचे साधे द्रव्य तयार होते, आणि ते कॅम्पसारख्या जनुकांना जागे करते. रक्ती आव झालेल्या सशांना ते दिल्यावर आतड्यातील पेप्टाइड परत आले आणि आजार ओसरला. पुढे रुग्णांना बस्तीवाटे दिल्यावर गुदांत्राचा दाहही कमी झाला. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू ज्या काळात दिवसेंदिवस वाढत आहेत त्या काळात, बाहेरून विष ओतण्याऐवजी देहाचेच बंद पडलेले शस्त्रागार उघडण्याची ही दिशा मला सर्वांत आशादायक वाटते, आणि ती आपल्या शेजारच्या एका गरीब देशातील रुग्णालयात सापडली याचा आनंद विशेष वाटतो.

त्वचेच्या तीन व्याधींत मात्र याच जनुकाची तीन निराळी रूपे दिसतात. इसबाच्या रुग्णाची कातडी वारंवार जंतूंनी पिकते. सोरायसिसच्या रुग्णाच्या अंगावर तसेच फुटलेले, सोलवटलेले चट्टे असूनही त्यांत जंतुसंसर्ग क्वचितच होतो. हा भेद वैद्यांना फार दिवस ठाऊक होता, त्याचे कारण २००२ मध्ये कळले: सोरायसिसच्या चट्ट्यांत एलएल-३७ मुबलक असते, तर इसबाच्या चट्ट्यांत ते, दाह असूनही, फारच थोडे तयार होते. पण मुबलकतेचीही किंमत द्यावी लागते. मरणाऱ्या पेशींतून सांडलेल्या आपल्याच डीएनएकडे एरवी शरीर दुर्लक्ष करते आणि त्याची विल्हेवाट लावते; धनभारित एलएल-३७ त्याला चिकटून त्याचे घट्ट पुंजके बनविते, आणि विशिष्ट रक्षक पेशी ते पुंजके पोटात घेऊन, जणू विषाणूच शिरला आहे अशा समजुतीने, इंटरफेरॉन या द्रव्याचा धोक्याचा इशारा देतात. सोरायसिसचा वणवा पेटण्याची ही एक वाट २००७ मध्ये उजेडात आली. पुढे २०१४ मध्ये असे दिसून आले की, जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या टी-पेशी, म्हणजे आणखी एका जातीच्या रक्षक पेशी, या पेप्टाइडालाच शत्रू मानून त्यावर तुटून पडतात. ल्युपस या सर्वांगव्यापी व्याधीतही न्यूट्रोफिलांनी फेकलेल्या डीएनएच्या जाळ्यांबरोबर हे पेप्टाइड असाच अनर्थ घडविते.

तिसरी व्याधी रोझेशियाची, म्हणजे गाल, नाक, कपाळ यांवर कायमची लाली, पुळ्या आणि दाह. गोऱ्या कातडीवर ती चटकन नजरेस येते; आपल्या सावळ्या वर्णावर लाली लपून राहत असल्याने पुष्कळदा तिला तारुण्यपीटिका समजून भलतेच उपचार चालतात. या रुग्णांच्या चेहऱ्यावर मूळ प्रथिन तर अधिक असतेच, पण ते कापणारे कॅलिक्रीन-५ हे विकरही अतिरिक्त असल्याने पेप्टाइडाचे तुकडे भलत्याच ठिकाणी आणि भलत्याच मापाचे पडतात. सॅन दिएगो येथील संशोधकांनी असे तुकडे उंदरांच्या त्वचेत टोचले असता तेथे लाली आणि दाह उमटला, आणि दोष कापणीतही असू शकतो हे २००७ मध्ये सिद्ध झाले.

जंतूही अर्थातच स्वस्थ बसलेले नाहीत. पुवाचा सोनेरी स्टॅफिलोकॉकस आपल्या आवरणावरील ऋण भार कमी करून पेप्टाइडाला चिकटू देत नाही, शिवाय ऑरिओलायसिन नावाच्या विकराने त्याचे तुकडे करून टाकतो. तरीही एलएल-३७ औषध म्हणून वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. पायाच्या नीलांतील दोषामुळे घोट्यापाशी होणारे आणि महिनोन्‌महिने न भरणारे व्रण हे त्यांचे मुख्य क्षेत्र, कारण अशा व्रणांच्या कडांवर हे पेप्टाइड नसते असे पूर्वीच दिसून आले होते. स्वीडनमधील पहिल्या लहान चाचणीचा निकाल २०१४ मध्ये आला. व्रणावर लावलेल्या द्रावणाच्या तीन मात्रांपैकी दर मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम ही सर्वांत सौम्य मात्रा सर्वांत गुणकारी ठरली, १.६ मिलिग्रॅमची तिच्या खालोखाल, आणि ३.२ मिलिग्रॅमच्या मात्रेने काहीच लाभ झाला नाही. पुढच्या मोठ्या चाचणीत सर्व रुग्ण एकत्र धरता फरक दिसला नाही, पण ज्यांचे व्रण आकाराने मोठे होते त्यांच्या बाबतीत आशेला जागा राहिली. तेव्हा आता कोणत्या व्रणावर, किती दिवस, आणि कोणत्या मात्रेत, हे प्रश्न नव्याने मांडून मोठ्या व्रणांच्या रुग्णांवरच स्वतंत्र चाचणी घेणे हे पुढचे काम आहे.